चालत्या गाडीचं दार आणि फुलीचं बटण

मामा,

तुमचा फोन संध्याकाळी सव्वासहाला यायचा. आताही त्या वेळेला कुणाचा तरी प्रिंटर माझ्यासमोर पोट उघडून पडलेला असतो, आणि माझा हात उगाच खिशाकडं जातो. महिना होत आला, हाताला अजून कुणी कळवलेलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं. जळकोटच्या चौकात फळ्यावर लिहिलं, नातेवाइकांनी स्टेटस ठेवले, डेपोतली माणसं हार घेऊन आली आणि तुमच्या नोकरीबद्दल, स्वभावाबद्दल चांगलं बोलून गेली. एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही, कारण ती आपण दोघं आणि मामी सोडून कुणाला ठाऊकच नाही. रिटायर झाल्यावर तुम्ही जवळजवळ वर्षभर रोज बस चालवत होता, आणि तीही परदेशातल्या घाटात.

सुरुवात माझीच. मोतीबिंदूनंतर डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं आणि तुम्ही बसस्टँडवर जाऊन बसायला लागलात. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला गाडी मागं घेताना हातवारे करून सांगायचात. आधी ते हसले, मग कंटाळले, मग एकानं घरी येऊन मामींकडं तक्रार केली. मामींनी मला नांदेडला फोन लावला, की ह्या माणसाला घरात बसवेल असं काहीतरी दे. माझ्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात लोकांनी टाकून दिलेल्या सामानाची कमी नाही. त्यातून एक मशीन उभं केलं, त्यात बस चालवायचा एक गेम टाकला आणि दोन्ही हातांत धरायचा एक जुना कंट्रोलर आणला. त्याला कंट्रोलर म्हणतात हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं. तुम्ही शेवटपर्यंत त्याला ष्टेरिंगच म्हणालात.

पाडव्याला मशीन मांडलं तेव्हा तुम्ही आधी त्याच्याभोवती एक फेरी मारलीत, सकाळी गाडी ताब्यात घेताना मारायचात तशी. मग नारळ फोडलात, तोही डब्याच्या इतका जवळ की मला मधे हात घालावा लागला. खुर्चीत बसलात, पाठ ताठ केलीत आणि गाडी काही हलेना. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. तुम्ही म्हणालात, डबल बेल कुठाय? गेममध्ये कंडक्टर नसतो हे तुम्हाला पटेचना. बेलशिवाय गाडी हलवायची नाही म्हणजे नाही. शेवटी मामींनी आतून उलथन्यानं कढईच्या झाकणावर दोनदा वाजवलं आणि तुमची बस निघाली. त्या दिवसापासून मामींना ती ड्यूटी लागली. पुढं पुढं तर त्या शेंगा निवडायला तुमच्या खुर्चीमागंच बसायला लागल्या, झाकण मांडीवर घेऊन.

पहिल्या आठवड्यात तुमची तक्रार फक्त प्रवाशांबद्दल होती. सगळे रांगेत चढतात, कुणी रुमाल टाकून जागा धरत नाही, पोत्यावरून भांडण नाही. 'भाचे, ह्यांच्या घरी कुणी वारलंय का?' असं तुम्ही मला फार काळजीनं विचारलं होतं.

मग दाराचं प्रकरण सुरू झालं. तुम्हाला ते पाठ आहे, पण हे लिहिलेलं मामी कुणाकुणाला वाचायला देतील म्हणून सांगतो. त्या कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याखाली चार बटणं असतात. आपल्या कंट्रोलरवर चित्रं होती. वर त्रिकोण, खाली फुली, डावीकडं चौकोन, उजवीकडं गोल. पण कंप्युटरवरचा गेम असं धरून चालतो की जगात दुसऱ्याच कंपनीचा कंट्रोलर विकला जातो, ज्याच्यावर इंग्रजी अक्षरं असतात. खाली ए, उजवीकडं बी, डावीकडं एक्स, वर वाय. त्यामुळं पडद्यावर यायचं, हँडब्रेकसाठी एक्स दाबा. तुम्ही हातात बघायचात. एक्ससारखं दिसणारं एकच बटण, ती फुली. तुम्ही फुली दाबायचात. पण फुली आहे खाली, आणि खालचं बटण म्हणजे गेमच्या मते ए, म्हणजे दार. खरा हँडब्रेक चौकोनावर. बस उतारावर, ब्रेक काही लागत नाही, आणि दार मात्र थाटात उघडायचं.

फेरी संपली की गेम एक कागद दाखवायचा, त्यात तुमच्या सगळ्या चुका लाल अक्षरात. पहिल्यांदा तो आला तेव्हा तुम्ही मला त्याचा फोटो पाठवलात. म्हणजे तुमच्या अंगठ्याचा फोटो, मागं थोडासा कागद. पाठोपाठ फोन. आवाज खाली गेलेला.

'भाचे, तीस वर्षं गाडी हाणली. चालत्या गाडीत दार उघडं म्हणून मपल्या नावावर एक रिमार्क न्हाई. आन् हे डबडं मला रोज लाल शेरा देऊन राहिलं.'

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. मग म्हणालात, 'मला एक कागद कोरा पायजे. एकच. मग मी गुमान बसतो.'

मला तेव्हा कळायला हवं होतं की हा खेळ नाही. तुम्ही शेवटची फेरी मारून डेपोत गाडी लावली होती ती ऑपरेशनच्या गडबडीत, कुणी निरोपही दिला नव्हता, आणि आता कुणीतरी तुमच्या चालवण्यावर शेरे मारत होतं. मी आपला गिऱ्हाइकाला सांगतो तसं सांगत राहिलो. मामा, पडद्याकडं बघू नका, बटणाची जागा लक्षात ठेवा, चार दिवसांत अंगठ्याला सवय होते. तुम्ही म्हणालात की समोर बघू नको म्हणणारा ड्रायव्हिंगचा मास्तर तुम्ही पहिल्यांदाच बघितला.

ह्या वादात आपण उन्हाळा घालवला. तुमचं म्हणणं असं, की गाडी कुठल्याही डेपोची असो, हॉर्न कुठंही असेल, वायपर बंद असेल, खिडकीची काच बोटानं ओढावी लागेल, पण ब्रेक जागच्या जागी असतो. ज्यानं ब्रेक हलवला त्याला आधी आत टाकला पाहिजे. माझं म्हणणं असं, की ब्रेक जागच्या जागीच आहे, फक्त त्याच्यावरची पाटी चुकीची लागली आहे. तुम्ही म्हणायचात, पाटी चुकीची असली तर माणूस चुकीच्या गावाला जातो, ते काय कमी झालं? मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं. पण आता समोर तुम्ही नाही, आणि जिंकून काही उपयोग नाही.

मग तुम्ही अर्ज करायचं ठरवलंत. फोनवर सांगितलात आणि मला लिहून घ्यायला लावलात. विषय, पडद्यावरील सूचना व हातातील बटणे यांचा मेळ नसलेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की. शेवटी 'आपला विश्वासू' आणि त्याखाली तुमचा जुना बिल्ला नंबर. ह्याचं इंग्रजी करून कंपनीच्या साहेबाला पाठव म्हणालात. मी हो म्हणालो. मामा, तो अर्ज मी पाठवला नाही. तुम्ही विचारायचात तेव्हा मी म्हणायचो, उत्तर यायला वेळ लागतो. ते तुम्हाला लगेच पटायचं. वरिष्ठांकडं गेला असेल, असं म्हणून तुम्ही मलाच धीर द्यायचात.

उपाय केला तो मामींनी. पडद्यावरच्या अक्षरांना रंग असतात हे त्यांच्या लक्षात आलं, आपल्या दोघांच्या नाही. ए हिरवा, बी लाल, एक्स निळा, वाय पिवळा. मला फोन करून कुठलं अक्षर कुठं एवढं विचारून घेतलं आणि आपल्या टिकल्यांच्या पाकिटातून चार रंगांच्या टिकल्या काढून बटणांवर चिकटवल्या. मी बारा वर्षं हा धंदा करतो, मला हे सुचलं नव्हतं. तीन दिवस बस छान चालली. चौथ्या दिवशी अंगठ्याच्या घामानं टिकल्या सरकायला लागल्या, निळी खुर्चीखाली गेली, आणि लाल टिकली गालावर घेऊन तुम्ही स्टँडवर चहा प्यायला गेलात. चहावाल्यानं विचारलं, कुठल्या देवाला जाऊन आलात. घरी आल्यावर तुम्ही मामींवर चिडलात, मामी टिकल्यांच्या कंपनीवर चिडल्या, आणि सव्वासहाला मला फोन आला की घाटात दार उघडलं.

खंडेनवमीचं तर काय सांगावं. घरातली हत्यारं पाटावर मांडून पूजा करायची. तुमचे पान्हे, चाक खोलायची टॉमी, विळा, मामींची विळी, आणि मधोमध कंट्रोलर, वर झेंडूचं फूल. तुम्ही रोज ज्याच्यावर हात ठेवता ते हत्यारच, ह्यात माझी ना नाही. पण पूजेआधी हत्यार धुवायचं असतं म्हणून मामी त्याला तांब्याखाली धरायला निघाल्या होत्या. तुम्ही वेळेवर बघितलंत म्हणून ओल्या फडक्यावर निभावलं. मग हळद, कुंकू, अक्षता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाडी चालू केलीत तर हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. शेजारी विचारून गेले, वरात कुणाची.

मी संध्याकाळच्या आत आलो, एका खिशात आपट्याची पानं आणि एका खिशात स्क्रू-ड्रायव्हर. उघडून बघतो तर त्रिकोणाच्या बटणाखाली कुंकवाचा चिखल आणि त्यात एक तांदळाचा दाणा उभा रुतलेला. मी तो चिमट्यानं काढला आणि टाकायला गेलो. तुम्ही माझा हात धरलात. देवाला वाहिलेली अक्षत आहे म्हणालात, कपाळाला लावलीत आणि शर्टाच्या खिशात ठेवलीत. मामींनी मला पुरणपोळी वाढली, माझ्या मशीनची काय दशा केली म्हणून मी बडबडत होतो, आणि तुम्ही शेजारी बसून तूप वाढत होता.

आता ते सांगतो, जे तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशी, तुमचं तूप खात असताना, दाराचा इलाज मला माहीत होता. श्रावणापासून माहीत होता.

एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर तोच गेम होता. सेटिंगमध्ये गेलो तर पार तळाशी एक ओळ दिसली, पडद्यावर बटणांची खूण कुठली दाखवायची, अक्षरं की चित्रं. एवढंच. एकदा दाबायचं काम. एक्सच्या जागी चौकोन दिसला असता, एच्या जागी फुली, आणि तुमचा कोरा कागद त्याच संध्याकाळी हातात आला असता. मी सव्वासहाची वाट बघत बसलो, सांगायला. तुमचा फोन आला. आधी दार, मग घाट, मग त्या साहेबाला चार शिव्या. मग तुम्ही विचारलंत, 'रातच्याला काय करून खाणार हाईस?' आणि माझ्या तोंडून सेटिंगचं निघालंच नाही.

आई गेल्यापासून मला कामाशिवाय फोन करणारं कुणी उरलं नव्हतं. लग्नाचं जमलं नाही, तो विषय तुम्ही कधी काढला नाहीत, हे तुमचे उपकार. पण बाकी फोन म्हणजे प्रिंटर, पासवर्ड आणि चहा सांडलेला कीबोर्ड. तसं बघितलं तर तुम्हीही कामानंच फोन करत होता. दार नीट झालं असतं तर तुम्ही कशाला केला असता? शिवाय फोन ठेवताना तुम्ही 'बरं हाय मग' म्हणायचात, ते आई म्हणायची तसंच. अर्ध्या मिनिटासाठी घरात बहीणभाऊ दोघं असायची. म्हणून मी पुढच्या रविवारी बघतो म्हणालो, मग त्याच्या पुढच्या. तुमच्या कोऱ्या कागदाच्या बदल्यात मी तुमचा फोन घेतला. कापलेली कणसं मोजावीत तसे ते रविवार मी आता मोजतो आणि मला माझी लाज वाटते.

दिवाळीनंतर तुमच्या तक्रारींना भलताच रंग चढला. पुलावर दार उघडलं. बोगद्यात दार उघडलं. एकदा दार उघडलं आणि त्यातून कुत्रं आत शिरलं, आणि ते पुढच्या स्टॉपपर्यंत उतरेना. मी म्हणालो, बापरे. तुम्ही म्हणालात, लई तकलीफ झाली. दहा दहा मिनिटांचे फोन अर्ध्या तासावर गेले, आणि मला वाटलं माझ्या पापाला फळं आली.

मग माघात तुम्ही गेलात. त्याबद्दल लिहीत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. मामी म्हणाल्या, ते मशीन घेऊन जा बाबा, कुणाच्या कामी येईल. तुमचा टॉवेल त्याच्यावर टाकलेला होता. मी तो घडी करून बाजूला ठेवला आणि तुमच्या खुर्चीत बसलो. म्हटलं, न्यायच्या आधी ती एक ओळ तरी बदलू, उशिरा का होईना. मशीन चालू केलं, सेटिंगमध्ये गेलो, पार तळाशी गेलो.

ती आधीच बदललेली होती.

मी बस चालू केली. पडद्यावर आलं, दारासाठी फुली, हँडब्रेकसाठी चौकोन. मग मी जुन्या फेऱ्यांची यादी उघडली. कागदावर कागद, सगळे कोरे, एकही लाल अक्षर नाही. त्रेचाळीस. पहिला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचा, शेवटचा तुम्ही जायच्या दोन दिवस आधीचा. त्या संध्याकाळी तुम्ही मला फोन करून सांगितलं होतं की आज परत दार उघडलं, आता तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मामा, त्या गेममध्ये कुत्री नसतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी मामींना हाक मारली. त्या दारात उभ्या राहिल्या, पडद्याकडं बघितलं आणि काय झालं असेल ते त्यांना कळलं.

'ते तर दिवाळीतच सापडलं त्यास्नी,' मामी म्हणाल्या. 'आपल्या लाल डब्याचा हॉर्न मिळतो का म्हणून आत हुडकत बसले व्हते. समदी बटणं दाबून बगितली. सापडलं तवा मला उठून नाचून दाखवलं. मी म्हटलं, भाच्याला फोन लावा. तर म्हटले, खबरदार सांगितलं तर.'

मी विचारलं, 'काहून?'

'म्हटले, आक्का गेल्यापासून पोरगं एकटं हाय. नुसतं बोलायला फोन केला तर त्याला वाटंल मामा कीव करून राहिला. गाडी नादुरुस्त हाय तवर ठीक हाय.'

मला आधी राग आला. माझ्याच दुकानातल्या मशीनवर, माझ्याच डोळ्यात तीन महिने धूळ. मग मी रडलो, मामा, तुमच्या खुर्चीत, कंट्रोलर मांडीवर ठेवून, मोठ्यानं. अग्नी देतानाही असा रडलो नव्हतो. मामींनी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मी त्यांना श्रावणातलं सगळं सांगितलं. त्यांनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला.

'एकाच माळेचे मणी,' त्या म्हणाल्या. 'दोघं बी खोटं बोलायला बसायचे, आन् मी खुळ्यावानी झाकण वाजवायचे.'

मग त्याही रडल्या आणि मधेच हसल्याही, कारण त्यांना कुत्रं आठवलं. ते कुत्रं सुचवलं त्यांनीच होतं म्हणे. रोज दार तेच उघडतं तर पोराला शंका येईल, काहीतरी नवं सांगा, असं त्या मागून कुजबुजायच्या.

तुम्हाला कोरा कागद मिळाला, एक नाही, त्रेचाळीस. ही एक गोष्ट मी बिघडवू शकलो नाही ह्याचं मला फार बरं वाटतं. आणि राग एवढाच आहे की ती ओळ सापडली तेव्हा तुम्ही नाचलात, आणि तो नाच बघायला मी नव्हतो. मला फोन केला असता तर मी जळकोटला आलो असतो. त्याच रात्री परत आपल्याला बोलायला काही उरलं आहे का हे बघितलं असतं. उरलं असतं, मामा. आपल्या दोघांनाही उगाच त्याचा भरवसा वाटला नाही.

मशीन मी आणलं नाही. मामींना म्हणालो, राहू द्या, परत येईन तेव्हा नेईन. त्यांनी टॉवेल परत त्याच्यावर टाकला.

काल संध्याकाळी सव्वासहाला फोन वाजला. मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायच्या आधीच उचलला. मामी होत्या. म्हणाल्या, बसून बसून कंटाळा आला म्हणून गाडी काढली, आता स्टॉपवर माणसं रांग लावून उभी आहेत आणि दार काही उघडेना. मामा, त्या बाई वर्षभर तुमच्या खुर्चीमागं बसल्या आहेत. टिकल्या त्यांनीच लावल्या होत्या. कुठल्या बटणानं काय होतं हे त्यांना तुमच्याआधी पाठ झालेलं आहे. आणि पडद्यावर, दाराच्या चित्राशेजारी, हातभर मोठी फुली दिसत असणार.

'फुली का चौकोन रे बाबा?' त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, 'चौकोन.'